जंगलाशेजारी राहणाऱ्यांनी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान का पाहावे

मुंबईच्या पाहुण्यांनी ‘चला, तुम्हाला नॅशनल पार्क दाखवतो’ असे म्हटले की बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी, कणकुंबी या आमच्या पट्ट्यातील माणसाला हसू येते आणि ते साहजिकही आहे. मलप्रभा ज्याच्या तालुक्यात उगम पावते आणि गवे ज्याच्या भातशेतीत रात्री उतरतात, त्याला शहरातील जंगलाचे अप्रूप ते काय असणार? तरीही बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडील कुटुंबांनी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान एक अख्खा दिवस राखून पाहावे, असे माझे मत आहे. आमचे जंगल आमच्या शेजारी आहे, पण ते सहकुटुंब चालण्याचे जंगल नाही. २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले खानापूर तालुक्यातील भीमगड सुमारे १९० चौरस किलोमीटरचे आहे, तिथे जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली तरी आजी, सून आणि शाळकरी नातवंडे यांनी एकत्र जाऊन चार तास पायी फिरावे अशी सोय तिथे नाही. तशी ती असावी, असेही मी म्हणणार नाही. बोरिवलीत मात्र नेमकी तीच सोय आहे, आणि या उद्यानाचे मोल करताना तीच गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते.

उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून ते मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. विहार आणि तुळशी हे अनुक्रमे १८६० आणि १८७९ मध्ये पूर्ण झालेले तलाव याच हद्दीत येतात आणि आजही मुंबईला पाणी देतात. पर्यटकांना मात्र तिथे मोकळा प्रवेश नाही. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला महामार्गाच्या कडेला आहे, तेव्हा रेल्वेने येणाऱ्यांना फार धावपळ करावी लागत नाही. सोमवारी उद्यान बंद असते, हे निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

प्रवेशद्वाराजवळचा भाग म्हणजे लहान मुलांची बाग, दहिसर नदीच्या पाण्यातील नौकाविहार, गांधी टेकडी आणि सफारीची तिकीट खिडकी. सुट्टीच्या दिवशी येथे जत्रेइतकी गर्दी होते. लहान मुले बरोबर असतील तर येथे तासभर जातोच, आणि तो जाऊ द्यावा. सफारीत जाळीच्या खिडक्यांच्या गाडीतून वाघ आणि सिंह पाहायला मिळतात. हे प्राणी कुंपण घातलेल्या स्वतंत्र क्षेत्रात ठेवलेले असल्याने त्यांना जंगलातील वाघ समजून जाणाऱ्याची निराशा होईल. बेळगावजवळील भुतरामनहट्टीचे प्राणिसंग्रहालय ज्यांच्या मुलांनी पाहिले आहे, त्यांनी वेळ कमी असल्यास सफारी खुशाल वगळावी. ‘वनराणी’ या छोट्या रेल्वेचे २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात मोठे नुकसान होऊन तिच्या फेऱ्या थांबल्या होत्या, म्हणून जुन्या आठवणींच्या भरवशावर मुलांना तिचे वचन देऊन ठेवू नये.

खरे पाहण्यासारखे आहे ते आत, काही किलोमीटरवर असलेल्या कान्हेरीच्या डोंगरावरील बौद्ध लेण्यांत. तिथपर्यंत उद्यानाच्या बसने जाता येते, भाड्याच्या सायकलीने जाता येते, आणि सकाळी लवकर निघाल्यास डांबरी रस्त्याने झाडांच्या सावलीतून पायीही जाता येते. ज्येष्ठांना बसने पाठवून तरुणांनी पायी जाणे, ही वाटणी मला सर्वांत योग्य वाटते. लेण्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते, कारण त्यांची देखभाल पुरातत्त्व खात्याकडे आहे.

कान्हेरीत एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि ती इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून जवळजवळ हजार वर्षे घडत राहिली. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, जातात, व्हरांड्यातील दोन्ही टोकांच्या भव्य बुद्धमूर्तींसमोर छायाचित्रे काढतात आणि परत फिरतात. तेवढ्यावर थांबणे म्हणजे पंगतीत बसून केवळ कोशिंबीर खाऊन उठण्यासारखे आहे. चैत्यगृहातील खांब निवांतपणे पाहिले तर काहींच्या माथ्यावर कोरीव हत्ती-घोडे आहेत आणि काही खांब साधे अष्टकोनी ठेवलेले आहेत, हे मुलांच्याही लक्षात येते. अकराव्या लेण्यात, ज्याला दरबार म्हणतात, दगडातच कोरलेले लांब बाक आहेत. येथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिक येथील दात्यांची नावे येतात. व्यापारी, सोनार, लोहार अशा सामान्य गृहस्थांच्या दानावर हा डोंगर घडला. नव्वदाव्या लेण्यात अकराव्या शतकात येऊन गेलेल्या इराणी प्रवाशांनी पहलवी लिपीत कोरून ठेवलेला मजकूर आहे.

आमच्याकडील मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगावी. कर्नाटकच्या पाठ्यपुस्तकात ती ज्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाबद्दल शिकतात, त्याच्या कारकिर्दीतील शिलाहार घराण्यातील सामंतांचे नवव्या शतकातील लेख याच डोंगरावर आहेत. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. तिथून कान्हेरीपर्यंतचे अंतर नकाशावर बोटाने मोजायला लावले की इतिहासाच्या तासाला न कळलेले राज्याचे आकारमान मुलांना उमगते.

सर्वांत मन लावून पाहावी ती पाण्याची योजना. लेण्यांसमोर खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, ज्यांना तेथील लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगराच्या उतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यांत उतरते आणि भिक्षूंच्या मोठ्या वस्तीला ते वर्षभर पुरावे अशी ती मांडणी आहे. धो-धो पावसाच्या प्रदेशात राहूनही एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या काही गावांतील पंचायत सदस्यांची सहल येथे काढावी, असा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. वरच्या टप्प्यापर्यंत खडकातच कोरलेल्या पायऱ्या आहेत. त्या बऱ्याच चढाच्या असून पावसाळ्यात शेवाळाने निसरड्या होतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी चैत्यगृहाच्या पातळीवर थांबावे, तिथेही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

ज्यांना डोंगरवाटांची हौस आहे त्यांच्यासाठी शिलोंडा ही ओढ्याकाठची वाट, तसेच उत्तरेला वसईच्या खाडीकडील नागला हा भाग आहे. या वाटांवर परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जावे. येथे बिबट्यांचा वावर आहे आणि तो शोभेचा नाही. यात आमच्या लोकांना नवीन काही नाही. जांबोटीच्या घाटात रात्री गाडीतून कोणी उगाच उतरत नाही, तोच नियम येथे दिवसाही पाळावा. वाटेवर दिसणारी कारवी आमच्या घरांच्या कुडाच्या भिंतींत वापरली जाते तीच. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते.

सीमाभागातील जैन कुटुंबांनी उद्यानाच्या हद्दीतील त्रिमूर्ती दिगंबर मंदिरही पाहावे. आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या उंच मूर्ती तिथे आहेत. उद्यानातील फलक मराठीत आहेत, ही गोष्ट मुंबईकरांच्या ध्यानातही येत नसेल, आमच्या मात्र लगेच येते.

खाण्याची सोय आत मर्यादित आहे. घरून दशम्या आणि शेंगांची चटणी नेणे उत्तम, पण कान्हेरीला माकडे फार असल्याने डबा उघड्यावर सोडू नये आणि प्लास्टिकच्या पिशव्या मुळीच नेऊ नयेत.

हंगामाचा विचार करता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी सर्वांत सुखाचा आहे. तथापि आमच्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रातील शाळांना ती दिवाळीत मिळते; या फरकाचा फायदा घेऊन ऑक्टोबरमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी गेल्यास ऊन थोडे सोसावे लागते, पण मुंबईची शाळकरी गर्दी टळते. बेळगावहून रात्री सुटणाऱ्या खासगी बस सकाळी बोरिवलीपर्यंत येतात आणि रेल्वेने दादरला उतरून लोकल पकडता येते. रात्रीच्या प्रवासाचे सामान घेऊन थेट उद्यानात जाऊ नये, ते नातेवाइकांकडे किंवा लॉजवर ठेवावे. आणि त्याच दिवशी परतीची बस असेल तर कान्हेरीहून दुपारी तीनच्या सुमारास खाली उतरायला लागावे, कारण संध्याकाळी खाली येणाऱ्या बससाठी रांग लागते आणि महामार्गावरची वाहतूकही त्याच वेळी तुंबलेली असते.