हिवाळा कधीपासून धरायचा आणि बैठकीत काय गायचं?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हिवाळ्याची बैठक ठरवायला बसलं की गाण्यांच्या आधी तारखेवर वाद होतो. एक जण म्हणतो कोजागिरीला करून टाकू, दुसऱ्याला तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त हवा असतो, घरातल्या आजी ‘मार्गशीर्ष लागू दे’ म्हणतात आणि सूनबाई मोबाइलवरचं तापमान दाखवतात. सगळ्यांकडे कारण असतं. पण तारीख बदलली की गाणीही बदलतात, म्हणून हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत.

कोजागिरी बाजूला काढणं सोपं आहे. आश्विन पौर्णिमा म्हणजे शरद ऋतू. ग्वाल्हेरात तेव्हा दुपारी पारा तिशीच्या वर असतो, गच्चीवर मसाला दूध पिताना शालसुद्धा लागत नाही. त्या रात्री चांदण्याची गाणी, गौळणी, हलकीफुलकी भावगीतं शोभतात. ती जरूर गा, फक्त तिला हिवाळ्याची बैठक म्हणू नका.

कार्तिकाचं तसं नाही. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळांत काकडआरती चालते. पहाटे उठून भूपाळ्या, अभंग, वासुदेवाची पदं म्हणायची सवय आपल्याकडे आली ती याच महिन्यातून. सकाळी गारवा असतो, दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे व्हायचे असतात, बाहेरगावची मुलं घरी आलेली असतात. माणसं जमवायची असतील तर कार्तिकासारखा महिना नाही. पण ही हिवाळ्याची चाहूल झाली. दिवाळीतल्या गुलाबी थंडीच्या भरवशावर रात्रभराची बैठक मांडली तर दहा वाजता पंखा लावा म्हणणारा कोणीतरी निघतोच.

मग मार्गशीर्ष. शास्त्राने बघितलं तर आजींचं म्हणणं सर्वात पक्कं आहे. मार्गशीर्ष आणि पौष मिळून हेमंत, माघ आणि फाल्गुन मिळून शिशिर. अडचण आपल्या शहराची आहे. इथे शेजारच्या हिंदी घरांत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागतो आणि आपला मार्गशीर्ष पंधरा दिवस मागून येतो. शुक्ल पक्षात दोघे एका महिन्यात असतात, कृष्ण पक्षात नसतात. साथीला तबलजी हिंदी घरातले आणि गाणाऱ्या बाई मराठी, असं असेल तर ‘मार्गशीर्षातला पहिला गुरुवार’ एवढंच सांगून चालत नाही, तारीखही सांगावी लागते. त्यात अधिक महिन्याची भर पडते. २०२५ मध्ये आपला मार्गशीर्ष २१ नोव्हेंबरला लागला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जातो. थंडी काही अधिक महिना बघून येत नाही.

हवामान खात्याच्या हिशेबात हिवाळा म्हणजे फक्त जानेवारी आणि फेब्रुवारी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्यांच्या लेखी पावसाळ्यानंतरचा काळ. थर्मामीटरपुरतं ते ठीक आहे. सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असला तरी जमीन थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून कडाका आणि धुकं जानेवारीत जास्त. पण गाण्याच्या माणसाने जानेवारीपर्यंत थांबायचं म्हणजे डिसेंबरातला तानसेन समारोह हिवाळ्याबाहेर काढायचा! हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीपाशी हरिकथा आणि मिलादने त्याची सुरुवात होते, आणि तिथे रात्री दुलई पांघरून गाणं ऐकलेल्या कुठल्याही ग्वाल्हेरकराला हे पटणार नाही.

माझं मत धुंधुरमासाला आहे. सूर्य धनू राशीत गेला की, म्हणजे १६ डिसेंबरच्या सुमारास, तो लागतो आणि मकर संक्रांतीला संपतो. तो सूर्यावर चालतो, चंद्रावर नाही, त्यामुळे पौर्णिमान्त-अमान्ताचं भांडण नाही आणि अधिक महिन्याचा धक्काही नाही. शिवाय आपल्या घरांत त्याची रीत आधीपासून आहे. पहाटे आंघोळ, उगवतीला नैवेद्य, मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा. एवढ्या पहाटे माणसं बोलावली तर ती का आली हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि गाण्याच्या दृष्टीने या महिन्यात जे मिळतं ते वर्षात दुसऱ्या कुठल्याही महिन्यात मिळत नाही.

काय मिळतं ते सांगण्याआधी गाणी निवडायच्या दोन वाटा बघू. बरेच जण शब्दांवरून निवडतात: गाण्यात थंडी, धुकं, शेकोटी, दव आहे का? या वाटेने यादी लवकर आटपते. मराठीत पावसाची गाणी काढायला बसलात तर रात्र पुरणार नाही, थंडीची मात्र हाताच्या बोटांवर. जी आहेत ती बहुतेक पुण्या-मुंबईकडच्या सौम्य हिवाळ्यात लिहिलेली, त्यातली थंडी लाडिक. ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरणारी. मुलांच्या कार्यक्रमाला ही वाट चांगली, कारण शब्दांतलं चित्र त्यांना लगेच कळतं. मोठ्यांच्या बैठकीला ती पुरत नाही.

दुसरी वाट प्रहराची, म्हणजे दिवसाच्या वेळेवरून राग निवडायची. हनुमन्मत नावाच्या जुन्या राग-वर्गीकरणात हेमंताला श्री आणि शिशिराला मालकंस हा राग जोडलेला आहे. आजच्या ख्यालात मल्हार आणि बसंत-बहार सोडले तर ऋतूचं बंधन फारसं उरलेलं नाही, वेळेचं मात्र आहे. ज्या भातखंड्यांनी रागसमयाची मांडणी केली त्यांच्याच पुढाकाराने १९१८ मध्ये इथे माधव संगीत विद्यालय उभं राहिलं, तेव्हा ग्वाल्हेरात वेळ मोडून गाणं जरा खटकतंच. आणि हिवाळा म्हणजे मुळात घड्याळातला फरक. डिसेंबरच्या अखेरीस इथला दिवस साडेदहा तासांच्या आसपास उरतो.

संध्याकाळी याचा तोटा होतो. सूर्य साडेपाचला मावळतो, म्हणजे श्री, मारवा, पूरिया या संधिप्रकाशाच्या रागांची वेळ लोक ऑफिसातून निघायच्या आत संपते. सातला मंडळी जमेपर्यंत रात्रीचा पहिला प्रहर चालू झालेला असतो, तिथे यमन किंवा भूपच घ्यावा. हेमंताचा म्हणून श्री ऐकायचाच असेल तर रविवार पाहिजे आणि तंबोरे पाचच्या आत लागलेले पाहिजेत. मालकंस हा उशिरा रात्रीचा राग, त्याला उलट भरपूर जागा मिळते, पण रात्री बारानंतर धुक्यातून स्कूटरवर घरी जाणाऱ्यांचाही विचार करावा लागतो.

पहाटेचा मात्र निखळ फायदा. जूनमध्ये ललत हा पहाटेचा राग वेळेवर गायचा तर चारला बसावं लागतं. धुंधुरमासात सूर्य सातला उगवतो, त्यामुळे सहाला सुरू केलेला ललतसुद्धा खऱ्या अंधारात होतो. त्याचे दोन मध्यम लागोपाठ लागत असताना खिडकीबाहेर काळं असतं, पावणेसातला भैरव सुरू करा, त्याचा आंदोलित ऋषभ येईपर्यंत काचा राखाडी होतात. मग दोन भूपाळ्या, एक अभंग, तोवर स्वयंपाकघरातून खिचडीचा वास. ग्वाल्हेर गायकीतली जाणती मंडळी असतील तर भैरव तिलवाडा तालात खुल्या आवाजात मांडता येतो. पहाटे टप्प्याचा, म्हणजे झपाट्याच्या तानांच्या गानप्रकाराचा, हट्ट धरू नये, थंड गळ्याला ती गिरकी जड जाते, तो रात्रीच्या बैठकीत ठेवा.

कुठलीही वेळ घ्या, वाद्यांची काळजी आधी करा. थंड खोलीत सगळं लावून ठेवलं आणि माणसं आल्यावर हीटर सुरू केला, तर तंबोऱ्याच्या तारा उबेने सैलावून उतरतात आणि तबल्याची पुडी सुकून चढते. दोघे एकाच वेळी विरुद्ध दिशांना जातात, आणि गाणारा तंबोऱ्याचे मणी सरकवत नि तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो. बासरी असेल तर ती थंड हवेत उतरलेली असते, पेटी मात्र जवळजवळ जागची हलत नाही, म्हणून त्या दोघांचं पहिला अर्धा तास जमत नाही. उपाय साधा आहे: खोली तासभर आधी गरम करा, वाद्यं त्याच खोलीत आणून ठेवा, मग लावा. हीटर वाद्यांपासून लांब. गाणाऱ्यांनी पट्टी अर्ध्या सुराने खाली घ्यायला लाजू नये, आणि गजक बैठकीनंतर वाटावी, आधी नको.

हिवाळा संपतो कधी, यावर गाणाऱ्यांत वाद नाही. वसंत पंचमीला बसंत-बहार सुरू झाले की मोसम संपला, मग बाहेर कितीही धुकं असो. २०२६ मध्ये ती २३ जानेवारीलाच आली, त्यामुळे धुंधुरमासापासून धरलं तरी साडेपाच आठवडेच मिळाले. २०२७ मध्ये ती ११ फेब्रुवारीला आहे, म्हणजे आठ आठवडे.

तेव्हा थोडक्या मंडळींची, मनासारखी बैठक हवी असेल तर धुंधुरमासातली पहाट घ्या. घरात फार वयस्क माणसं किंवा दमेकरी असतील तर पहाटेचा आग्रह सोडून त्याच महिन्यातला रविवार घ्या, उन्हात बसून दुपारी सारंग आणि नाट्यपदं, पाचला श्री. पन्नासएक माणसं जमवायची असतील तर कार्तिकच बरा, फक्त मालकंस-ललताचा मोह तिथे टाळा. २०२६-२७ च्या मोसमात धुंधुरमासाचे रविवार २०, २७ डिसेंबर आणि ३, १० जानेवारी आहेत. पहाटेच्या बैठकीला मी १० जानेवारी सुचवेन, कारण वर्षातला सर्वात उशिरा सूर्योदय त्याच सुमाराला होतो आणि ललताला आणखी पाचसहा मिनिटं अंधार मिळतो.