व्यसनमुक्ती केंद्र, पुण्याजवळ – साडेतीन स्टार

मामाला दारूसाठी ऍडमिट केलं होतं. केंद्राचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारीपण आहेत.

आधी चांगलं सांगतो. बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी समोर बसवून बायकोकडे बघा, पोरांकडे बघा असं लेक्चर सुरू होतं, इथे तसलं काही नाही. आधी डिटॉक्स आणि थायमिनची इंजेक्शनं (म्हणजे बी१, खूप पिणाऱ्यांच्या अंगात हे कमी पडतं आणि थेट मेंदूला बाधतं) आणि मग हात थरथरायचे थांबल्यावर सायकॉलॉजिस्ट मॅडमनी मोका नावाची टेस्ट (स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासायची) घेतली, ३० मार्कांची, २६ च्या खाली आलं की गडबड समजायची. "काका, अकरा वाजून दहा मिनिटं झालेलं घड्याळ काढा." मामानी गोल झकास काढला, आकडेही जागच्या जागी, पण एक काटा अकरावर आणि दुसरा चक्क दहावर! शंभरातून सात सात वजा करताना ९३, ८६ आणि परत ९३. आणि हा माणूस जन्मभर किराणा दुकानाचा हिशोब तोंडी करत आलाय.

मॅडम म्हणाल्या, दारूचा मार कपाळामागच्या भागाला जास्त बसतो, आणि थांबायचं कधी, पुढचं काय, हे तिथेच ठरतं. म्हणून समोरची क्वार्टर दिसते, पोरीची फी दिसत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत आयोवात बेकारा आणि दमासिओ वगैरे मेंदूच्या संशोधकांनी पत्त्यांचा एक प्रयोग केला होता, चार गड्ड्या, त्यातल्या दोन सुरुवातीला घसघशीत पैसे देतात आणि नंतर त्याहून जास्त ओरबाडतात. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले लोक त्याच गड्ड्या ओढत राहिले, आणि पुढे व्यसनी लोकांना खेळवलं तर त्यातले बरेचजण तसंच खेळले. शेजारच्या कॉटवरचे एक काका रोज सांगायचे सकाळीच नाशिकला जाऊन आलो, घरचे म्हणायचे थापा मारतात. पण कोर्साकॉफ (बी१ कमी पडून होणारा विसरण्याचा आजार) असेल तर मेंदू आठवणीतली भोकं स्वतःच भरतो, सांगणाऱ्याला ते खरंच वाटत असतं. मामाचं तिथवर गेलेलं नाही.

त्यामुळे इथे सेशन छोटी, एका वेळी एकच मुद्दा, आणि खिशात कार्ड: तलफ आली की पाणी, मग मामीला फोन, स्टँडकडून यायचं नाही. मोठं समुपदेशन काही आठवड्यांनी, तोवर डोकं बरंच निवळतं म्हणे. दुसऱ्या टेस्टला काटा दोनवर आला, मामी तिथेच रडली.

आता तक्रारी. ज्या माणसाला घड्याळ जमत नाही त्याची पहिल्याच दिवशी इंग्रजी फॉर्मच्या पानापानावर सही घेतली, हे काय लॉजिक? आणि डिस्चार्जला फॉलोअपची तारीख तोंडी सांगितली, तीही मामालाच!! घरच्यांची मीटिंग फक्त गुरुवारी दुपारी, नोकरीवाल्यांनी काय करायचं. टेस्टचा कागद मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या. जेवण ठीक, आमटी पाणचट, पार्किंग भरपूर.