सेंट पॉल्स, लंडन: तिकीट काढण्याआधी हे वाचा

लंडनमध्ये शिकताय आणि खिसा रिकामा आहे, तर सेंट पॉल्स कॅथेड्रलला, म्हणजे तिथल्या त्या मोठ्या चर्चला, दिवसा जाऊच नका, संध्याकाळच्या ईव्हनसाँगला, म्हणजे गाण्यातून होणाऱ्या प्रार्थनेला जा, एंट्री फ्री! आर्किटेक्ट ख्रिस्तोफर रेनने बांधलेला तो 111 मीटर उंच डोम डोक्यावर, समोर कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, साधारण पाऊण तास नुसतं ऐकत बसायचं. आमच्या नगरच्या चर्चमध्ये सगळे मिळून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं गातात, तबला-पेटीसकट, इथे मात्र बहुतेक कॉयरच गातं, आपण उभं राहायचं, बसायचं, त्यामुळे सुरुवातीला जरा परकं वाटतं. पण त्या लहान पोरांचा आवाज वर जाऊन घुमत घुमत खाली येतो ना, काटाच येतो अंगावर. फोटो काढायचे नाहीत. आणि डोमच्या वरच्या गोल्डन गॅलरीच्या 528 पायऱ्या चढायच्याच असतील तर मात्र तिकीट काढा, तेही स्टुडंट आयडी दाखवून.