लॉनवाल्याने माझे ७६,००० रुपये बुडवले: वेबसाइट करणाऱ्यांनो, हे वाचा

७६,००० रुपये. एवढे माझे एका लग्नाच्या लॉनवाल्याकडे अडकले आहेत. बाबांना पूर्ण आकडा मी मागच्या आठवड्यात सांगितला. तोवर मी "थोडे राहिलेत" एवढंच म्हणत होते. लाज वाटत होती, आजही वाटते. पण तोच माणूस आता दुसऱ्या कुणाकडून दुसऱ्या लॉनची साइट करून घेतोय असं कानावर आलं, म्हणून लिहिते आहे. नाव आणि रस्ता लिहीत नाही, कारण केस सुरू आहे आणि वकिलांनी बजावलं आहे.

मी नवशिकी नाही, हे आधी सांगते. सहा वर्षं वेबसाइट करायचंच काम करते, नागपूरच्या मनीष नगरातल्या घरातूनच. दवाखाने, शिकवण्या, इतवारीतले दोन ठोक व्यापारी धरून चाळीसच्या वर साइट केल्या. निम्मे पैसे आधी, पाव डिझाइन मान्य झाल्यावर, उरलेले साइट सुरू व्हायच्या आधी. हा नियम माझ्या कोटेशनवर छापलेला असतो. या एका माणसासाठी मी तो मोडला, कारण तो बाबांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राचा साडू. आपल्याकडे ओळखीच्या माणसाजवळ पैशाचं काढलं की घरी फोन येतो, "पोरगी फारच व्यवहारी झाली हो." तो फोन मला नको होता.

२०२४ चा पोळा २ सप्टेंबरला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मी लॉनवर गेले. चहा झाला, संत्रा बर्फी झाली. मी ८५,००० सांगितले, त्याने ७२,००० वर आणले. आठ पानं, फोटो गॅलरी, चौकशीचा फॉर्म. निम्मे आधी म्हटल्यावर त्याने फोन काढून लगेच ११,००० पाठवले आणि म्हणाला, "शुभ आकडा आहे बेटा, बाकीचे गणपतीत घे. पैसे कुठे पळून राहिले का?" निम्मे म्हणजे ३६,००० होतात. मला बेरीज-वजाबाकी येते. तरी मी हो म्हणाले.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते.

त्याच्या ऑफिसच्या दाराबाहेर लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. हातात बिलबुक, पावसाचे दिवस म्हणून त्याला पन्नी गुंडाळून वर रबर लावलेला. लाइटिंगचं काम करणारे होते. मी आत गेले तेव्हा ते बसले होते आणि दीड तासाने बाहेर आले तेव्हाही तिथेच होते. लॉनवाला मला सोडायला बाहेर आला आणि चालता चालता त्यांना म्हणाला, "काका, सोमवारी या ना. सांगितलं ना तुम्हाले." काका उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मागच्या सीझनचं आहे."

मागच्या सीझनचं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. सोमवारी या, हेही ऐकलं. आणि माझ्या मनात काय आलं? की काकांनी काम नीट केलं नसेल, म्हणून अडवलं असेल. साठीच्या पुढचा माणूस बिल हातात धरून उभा आहे आणि मी मनातल्या मनात त्याच्याच कामाला नावं ठेवली. त्याच जागी मागे फिरून "काका, किती राहिले तुमचे?" एवढं विचारलं असतं, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. नव्या गिऱ्हाइकाकडे गेलात की त्याच्या दारात कोण बसलंय ते बघा. मांडववाला, लाइटवाला, फुलवाला, त्यांना विचारा. ते खरं सांगतात.

गणपतीत पैसे आले नाहीत, "विसर्जन होऊ दे." विसर्जनानंतर लगेच १८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला, "पितृपक्षात आम्ही पैशाचा व्यवहार करत नाही बेटा." पण कामाला पितृपक्ष नव्हता. त्याच पंधरा दिवसांत त्याने फोनवर नवीन काम सांगितलं: तारखांचं कॅलेंडर हवं, मोकळी तारीख हिरवी, बुक झालेली लाल, लोकांनी घरी बसून बघावी. "पंधरा घे वरचे, पण दसऱ्याला साइट सुरू झाली पाहिजे." वरचे पंधरा हजार फोनवर ठरले. लेखी काही नाही, साधा मेसेजसुद्धा नाही. ज्यांनी अजून केलं नसेल त्यांनी आजपासून करा: फोन ठेवला की दोन ओळींचा मेल टाका, वाढीव काम हे, रक्कम ही, हो असेल तर उत्तर द्या. उत्तर येईपर्यंत हात लावू नका.

खर्चही मीच करत गेले. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, ४,१३०, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ८९९, डिझाइनची तयार थीम आणि कॅलेंडर चालवणारं प्लगइन ७,२६०, फोटोग्राफर ९,०००. एकूण २१,२८९. मिळाले ११,०००. म्हणजे त्याच्या साइटसाठी माझ्या खिशातून १०,२८९ गेले, मेहनत वेगळीच. होस्टिंग, डोमेन, प्लगइन गिऱ्हाइकाच्या कार्डानेच घ्यायची, हे मी दुसऱ्यांना शिकवत असते.

११ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याने ४०,००० चा चेक दिला, तारीख २१ ऑक्टोबरची. सोबत म्हणाला, "भाच्याला साइट दाखवायची आहे, तो पुण्यात आयटीत आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड दे." चेक हातात होता, म्हणून दिला. मला तेव्हा ते चूक वाटलं नाही, कारण चेक म्हणजे पैसे असंच आपण धरून चालतो. चेक म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झाले की पैसे. शेवटचा रुपया येईपर्यंत साइट आपल्या होस्टिंगवर आणि चावी आपल्या हातात राहिली पाहिजे, मग समोर भाचा असो की मामा.

"दिवाळी झाल्यावर लाव", म्हणून मी थांबले. ६ नोव्हेंबरला चेक भरला, दुसऱ्या दिवशी परत. खात्यात शिल्लक अपुरी. माझ्याच खात्यातून १७७ रुपये कापले गेले. साइट उघडायला गेले तर माझं अ‍ॅडमिन खातं काढलेलं. सगळी साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवलेली, तळाशी माझं नाव होतं तेही पुसलेलं. १३ नोव्हेंबरला तुळशीचं लग्न होतं, सीझन तोंडावर. रोज रात्री मी मोबाइलवर ते कॅलेंडर उघडून बघायचे. मी निवडलेला लाल रंग, मी काढलेले चौकोन, आणि एकेक तारीख लाल होत चाललेली. प्रत्येक लाल चौकोन म्हणजे त्याला लॉनचं भाडं, आणि मला सोमवार.

दोनदा लॉनवर गेले. दुसऱ्यांदा गेटवरच्या माणसाने मला बसायला तीच लाल खुर्ची दिली. चाळीस मिनिटं बसवून आतून निरोप आला, जीएसटीचं बिल नाही म्हणून अकाउंटंट पेमेंट काढत नाही. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मी तसं सांगितलं. ऐकायला कुणी बाहेर आलंच नाही.

मग पोलिस ठाणं. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला गेलेले. दुसऱ्यांदा हवालदारांनी माझी फाइल न उघडताच सांगितलं, "मॅडम, हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जुनं ४२०. तर म्हणतात, "अकरा हजार दिले ना त्यांनी? मग फसवणूक कशी?" अकरा हजार दिले म्हणून बाकीचं माफ? मी चेक परत आल्याचा कागद, पितृपक्षात पैसे पुढे ढकलल्याचे मेसेज, बंद झालेल्या लॉगिनचे स्क्रीनशॉट, सगळं तारखेनिशी लावून नेलं होतं. पासवर्ड बदलल्याचं सांगितलं तर सायबरच्या टेबलावर पाठवलं. तिथे विचारलं, "पासवर्ड कुणी दिला? तुम्हीच ना?" आणि पुन्हा आधीच्या टेबलावर. तिसऱ्यांदा अर्ज दिला, पोच मागितली, तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. पावणेदोन तास बसून पोच घेतली. त्या अर्जाचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कुणी कळवलेलं नाही. भाजीवाल्याची पाकिटमारी झाली तर लिहून घेतात. माझं दीड महिन्याचं काम उचलून नेलं, तर ते "तुमचा आपसातला व्यवहार". नव्या होस्टिंग कंपनीला मेल केला तर कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. ग्राहक आयोगाचं विचारलं तर कळलं, मी ग्राहकच नाही, सेवा देणारी आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, तीही मी केलेली नव्हती. फुकट आहे, ऑनलाइन आहे, आणि मी आळस केला. २००६ च्या एमएसएमई कायद्यात नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. वकील म्हणाले, नोंदणी कामाच्या आधीची असायला हवी. माझी नंतरची. आज रात्री बसून करून टाका ती.

वकिलांकडे मी जानेवारीत पोचले. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, हे मला माहीत नव्हतं. ते ३० दिवस मी त्याच्या सोमवारांत घालवले. नशीब एवढंच की चेक तारखेपासून तीन महिने चालतो आणि तेवढ्यात तो पुन्हा भरता येतो. सहा दिवस उरले असताना, १५ जानेवारीला पुन्हा भरला. या वेळी शेरा आला, खातेदाराने पेमेंट थांबवलं. आणखी १७७ रुपये. वकील म्हणाले, हेसुद्धा कलम १३८ मध्येच येतं, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात. ३ फेब्रुवारीला रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली, ६ तारखेला "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन पाकीट परत आलं. नकार म्हणजे पोचल्यासारखंच धरतात. ते पाकीट उघडू नका, तसंच जपून ठेवा. पुढचे १५ दिवस त्याने पैसे दिले नाहीत, त्यानंतरच्या महिन्याभरात तक्रार करावी लागते, ती १० मार्चला झाली. वकिलांचे आतापर्यंत १२,००० गेले. ही केस फक्त चेकच्या ४०,००० ची आहे. उरलेल्या ३६,००० साठी वेगळा दावा, त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि त्यातले १५,००० तर फोनवरच ठरलेले.

लाइटिंगवाल्या काकांचा नंबर मी त्यांच्या गाडीवरून मिळवला. त्यांचे २३,४०० होते. चेक नव्हता, बिलावर सही नव्हती, म्हणून त्यांनी नाद सोडला. माझ्या केसमध्ये साक्ष द्याल का विचारलं तर म्हणाले, "पोरी, मले अजून तिकडचंच काम भेटते." मला त्यांचा राग आला नाही.

आता माझं कोटेशन दोन पानांचं झालं आहे. निम्मे आले नाहीत तर फाइल उघडत नाही, आणि पुढच्या तारखेचा चेक घेत नाही. ओळखीच्या माणसालाही तेच पान देते. मागच्या महिन्यात एकाने ते वाचून, "एवढा अविश्वास?" म्हणत काम नेलं. जाऊ दिलं. कोटेशनचा किंवा नोटिशीचा नमुना हवा असेल तर मागा, पाठवते. आणि नागपुरात कुठल्याही लॉनवाल्याचं काम घ्यायचं ठरत असेल, तर हो म्हणायच्या आधी मला एकदा विचारा.