लेसर आणि कॅमेरा जुळवताना: अर्डुइनो, पिको की डिले जनरेटर?

प्रवाहाचा वेग मोजण्याच्या ‘पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री’ या पद्धतीत पाण्यात किंवा हवेत बारीक कण सोडतात, त्यांच्यावर लेसरचे दोन झोत ठरावीक अंतराने टाकतात आणि प्रत्येक झोताच्या वेळी एक छायाचित्र घेतात. कण किती सरकला याला दोन झोतांमधल्या काळाने भागले की वेग मिळतो. त्यामुळे त्या काळात अर्ध्या टक्क्याची चूक असेल तर वेगातही अर्ध्या टक्क्याची चूक येते. फ्लॅशलॅम्प (लेसरमध्ये ऊर्जा भरणारा दिवा), क्यू-स्विच (ती ऊर्जा एकदम झोताच्या रूपात सोडणारा भाग) आणि कॅमेरा यांना आपापल्या वेळी पल्स, म्हणजे क्षणभराचा विद्युत इशारा, देणारे उपकरण कोणते घ्यावे, अर्डुइनो किंवा पिको असा प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड की खास याच कामासाठी बनवलेला डिले जनरेटर, हा प्रश्न अशी मांडणी उभी करणाऱ्या प्रत्येकाला पडतो.

‘किती नॅनोसेकंदांची अचूकता हवी?’ असे बहुतेक जण आधी विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारण्याचा प्रश्न असा, की पल्सची मालिका सुरू कोण करणार? बोर्ड स्वतःच ती सुरू करत असेल, तर सर्व पल्स एकाच क्लॉकमधून, म्हणजे ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या सर्किटमधून, निघतात आणि त्यांच्यातले अंतर ठोक्यांच्या पूर्ण संख्येइतके, दर वेळी तेवढेच राहते. मात्र सुरुवात बाहेरच्या घटनेने, समजा पंख्याच्या आसावरील सेन्सरने, होणार असेल, तर ती घटना क्लॉकच्या दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेही पडू शकते आणि बोर्डाचा प्रतिसाद एका ठोक्याइतका मागेपुढे होतो. जिटर म्हणतात तो हाच, आणि महाग व स्वस्त उपकरणांतला खरा फरक इथेच पडतो.

अर्डुइनो यूनोचा क्लॉक १६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा असतो. हा आकडा प्रत्यक्षात हवा असेल, तर पल्स टायमर-१ च्या हार्डवेअरमधून ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर काढावी लागते. डिजिटलराइट आणि डिले या नेहमीच्या आज्ञा वापरून लिहिलेल्या कार्यक्रमात (प्रोग्रॅममध्ये) पिन बदलायलाच काही मायक्रोसेकंद जातात, शिवाय दर १.०२४ मिलिसेकंदांनी येणारा टायमर-० चा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा अंतर्गत इशारा) मध्येच वेळ खातो. अशा कार्यक्रमावरून यूनोला नालायक ठरवणे त्या बोर्डावर अन्याय करणारे आहे. खरी उणीव वेगळीच आहे. यूनो आर-३ च्या मुख्य चिपला ठोके देण्यासाठी अचूक क्रिस्टलऐवजी सिरॅमिक रेझोनेटर हा कमी अचूक भाग जोडलेला असतो आणि त्याची वारंवारता अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकलेली असू शकते. ती चूक काउंटरने (वारंवारता मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून दुरुस्त करता येते, पण ते काम टाळू नये.

रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, म्हणून ही चूक दहा लाखांत काही दहा भागांवर येते. १२५ मेगाहर्ट्झवर त्याचा ठोका ८ नॅनोसेकंदांचा होतो. त्याहून मोलाची आहेत त्यातली आठ छोटी ‘स्टेट मशीन’, जी प्रोसेसर इतर कामात गुंतलेला असला तरी आपापल्या पिनवर ठोक्याबरहुकूम पल्स देत राहतात. नावाच्या साधर्म्यामुळे लिनक्सवर चालणारा मोठा रास्पबेरी पाय या कामाला घेऊ नये. तिथे कार्यक्रमाची पाळी कधी येईल हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते आणि मिळणारा विलंब दर वेळी बदलतो.

आता पंख्याचे उदाहरण आकड्यांत पाहू. मिनिटाला ३००० फेरे घेणारा पंखा एका मायक्रोसेकंदात ०.०१८ अंश फिरतो; यूनोच्या एका ठोक्यात तो जेमतेम ०.००१ अंश सरकेल. दोन्ही झोत ट्रिगरनंतर (सेन्सरच्या सुरुवातीच्या इशाऱ्यानंतर) त्याच क्लॉकवरून निघत असल्याने त्यांच्यातल्या अंतराला तर हा जिटर शिवतही नाही. अशा कामासाठी लाखांच्या घरातला डिले जनरेटर मागवणे मला पटत नाही.

चित्र पालटते ते स्वतःच्या वेळेने चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या लेसरशी जुळवून घ्यायचे असते तेव्हा. पाच-दहा नॅनोसेकंद रुंदीच्या लेसर पल्सवर कॅमेऱ्याची तितकीच अरुंद खिडकी उघडायची असेल, तर पिकोचा ८ नॅनोसेकंदांचा जिटर जवळजवळ अख्खी पल्स गिळतो. स्टॅनफर्ड रिसर्च सिस्टिम्सच्या डीजी६४५ सारख्या डिले जनरेटरचे मोल इथे कळते: ट्रिगर दोन ठोक्यांच्या मध्ये नेमका कुठे आला हे तो मोजतो आणि तेवढी भरपाई करतो, त्यामुळे विलंब ५ पिकोसेकंदांच्या पायरीने ठरवता येतो आणि जिटर काही दहा पिकोसेकंदांवर येतो. एफपीजीए बोर्डाचा (ज्याच्या चिपमधले सर्किट आपणच ठरवू शकतो अशा बोर्डाचा) विचार मी फक्त आठाहून बरेच जास्त चॅनेल लागणार असतील आणि त्यासाठीची व्हेरिलॉग ही भाषा लिहिणारे कोणी सोबत असेल तरच करीन.

बोर्ड ठरला तरी त्याच्या पिनेवरून थेट लांब केबल ओढू नये. केबलच्या टोकाला जोडलेल्या ५० ओमच्या रोधावर (टर्मिनेशनवर) ५ व्होल्टसाठी १०० मिलिअँपियर लागतात आणि यूनोच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० आहे. पिकोची पिन तर ३.३ व्होल्टचीच असते. म्हणून मध्ये जास्त प्रवाह देऊ शकणारी बफर चिप हवी. कोअॅक्सियल केबलचा प्रत्येक मीटर सुमारे ५ नॅनोसेकंद खातो. औद्योगिक कॅमेऱ्याच्या ऑप्टो-आयसोलेटेड (संकेत प्रकाशाच्या मार्गाने आत घेणाऱ्या) इनपुटमध्ये तर काही मायक्रोसेकंद जाऊ शकतात, आणि ते बोर्डाच्या माहितीपत्रकात कधीच दिसत नाहीत. त्यामुळे खरेदीआधी उसना ऑसिलोस्कोप मिळवावा, लेसरच्या वाटेत फोटोडायोड (प्रकाश पडताच संकेत देणारा भाग) ठेवावा, कॅमेऱ्याचा एक्स्पोजर-आउट (छायाचित्र घेणे चालू असल्याचा) सिग्नल दुसऱ्या चॅनेलवर घ्यावा आणि आपल्या मांडणीत वेळ नेमका कुठे हरवतो ते पाहून मगच बोर्ड निवडावा.