गंजगोलाईतील हार्डवेअरचे दुकान: बिजागरीपासून तोटीपर्यंत

लातूरच्या गंजगोलाईतील एका दुकानातून दारांच्या बिजागऱ्या, कडी-कोयंडे आणि न्हाणीघराचे नळ घेतले. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी असल्याने ते ओलसर जागी लवकर गंजते आणि दोन्हींना लोहचुंबक फारसे चिकटत नसल्यामुळे ती परीक्षा येथे निरुपयोगी ठरते, हे दुकानदाराने न कंटाळता समजावले. बोअरच्या जड पाण्याचे क्षार तोटीच्या जाळीत साचतात, म्हणून जाळी फिरवून काढता येणारे पितळी नळच त्यांनी सुचवले. ते हाताला जड आहेत, आणि खिशालाही. कपाटाच्या हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या मात्र एकाच नमुन्यात होत्या आणि स्क्रूचे पैसे वेगळे द्यावे लागले, हे खटकले.