सतीश शहा पाहायचे तर इथून सुरुवात करा: 'साराभाई व्हर्सेस साराभाई'

२५ ऑक्टोबर २०२५ रोजी, ७४व्या वर्षी, अभिनेते सतीश शहा गेले. त्यांची आठवण म्हणून एकच मालिका पाहायची असेल, तर २००४ची मूळ 'साराभाई' घ्या. २०१७चा वेबवरचा दुसरा सीझन शेवटी ठेवा. मंडळी तीच, पण चावा बोथट झालाय.

साराभाई कुटुंबाचा प्रमुख इंद्रवदन साकारताना शहा पन्नाशीच्या थोडे पुढे होते आणि पडद्यावरचा मुलगा, सुमीत राघवन, तेव्हा ३३चा. वयाचं गणित जेमतेमच, तरी शंका येत नाही. कारण ते म्हातारपण रंगवत नाहीत; खोडी काढायला टपलेला पोरगा रंगवतात. त्याची बायको माया सून मोनिषाला 'मिडल क्लास' म्हणून टोचते तेव्हा बोलणारीकडे नको, सोफ्यावरच्या इंद्रवदनकडे बघा. काडी त्यानेच टाकलेली असते. धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या कवितेवर हसू येण्याआधी त्याच्या डोळ्यांत जो आसुरी आनंद चमकतो, तिथे संवाद नसतोच. म्हणूनच मोबाइलवर, भांडी घासता घासता ही मालिका लावू नका. अर्धा अभिनय वाया जातो.

यानंतर 'ये जो है ज़िंदगी' (१९८४). तिथे ते दर भागात नवं पात्र होऊन येतात. सलग चार भाग पाहिले की चाल, आवाज, बोलीची पट्टी कशी बदलते ते कळतं. दूरदर्शनच्या काळातलं चित्रण आहे, चकचकीतपणाची अपेक्षा नको.

आणि 'जाने भी दो यारों' सिनेमातला भ्रष्ट आयुक्त डिमेलो? निम्मा सिनेमा प्रेत होऊन, तरी सगळ्यांत जिवंत. तो राखून ठेवा.